घोटीच्या गाडीचं गाणं

आधी माफी मागतो. मी लेखक नाही, आणि खरं सांगायचं तर साउंड इंजिनिअरही अजून झालेलो नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत असिस्टंट म्हणून काम करतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे आपण काही लिहावं आणि लोकांनी ते वाचावं, याचाच संकोच वाटतो. आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "जे पाहिलंस ते लिही, मत देऊ नकोस." तसा प्रयत्न केला आहे. काही ठिकाणी जमलेलं नाही.

तर त्या दुपारी अथर्वदादा काचेच्या पलीकडे उभा राहून दुःखी व्हायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते काही केल्या जमत नव्हतं.

अथर्वदादा म्हणजे 'राखाडी सोमवार' या बँडचा गायक. हा इमो बँड आहे. इमो हा रॉकचाच एक प्रकार, त्यात गाणारा आपलं दुःख ओरडून सांगतो. आमच्याकडे दुःख झालं की माणूस गप्प बसतो, म्हणून मला सुरुवातीला हे समजायला वेळ लागला. पण कॉलेजात असताना या बँडनं काही गाणी केली होती. एका मित्राच्या फ्लॅटमध्ये, गाद्या भिंतीला टेकवून, एकाच माईकवर. ती गाणी नाशिकच्या पोरांमध्ये अजून चालतात. आता तीच गाणी चांगल्या स्टुडिओत, चांगल्या माईकवर नव्यानं रेकॉर्ड करून त्यांना ईपी काढायचा होता. ईपी म्हणजे छोटा अल्बम, चार गाण्यांचा.

अडचण अशी होती की मधल्या काळात सगळ्यांचं चांगलं चाललं होतं. अथर्वदादा वडिलांचं टाइल्सचं शोरूम सांभाळतो. गिटारवाला तन्मय आयटीत आहे आणि घरूनच काम करतो. ड्रम वाजवणाऱ्या बंटीची स्वतःची जिम आहे. बास वाजवणारा कॅनडात स्थायिक झाला. तो आपला भाग तिथूनच रेकॉर्ड करून पाठवायचा आणि सोबत बर्फाचे फोटो. दुःखाचा माणूस एकही उरला नव्हता.

आमचे मालक मिलिंद सर कन्सोलवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांसमोर, बसले होते. काचेपलीकडे आवाज पोचवणारं टॉकबॅकचं बटण दाबून म्हणाले, "अथर्व, सूर बरोबर आहे, ताल बरोबर आहे. पण आवाजात जेवण ऐकू येतंय."

"सर, आज नाश्ता केला नाही मुद्दाम."

"मग कालचं असेल."

अथर्वदादानं डोळे मिटले. तन्मयनं लाइट मंद करायला सांगितले. मी केले. गाणं सुरू झालं, दादानं मान खाली घातली, मुठी आवळल्या, आणि नेमका त्याचा फोन वाजला. फोन आत न्यायचा नसतो, पण शोरूमच्या सीझनमुळे त्याला सवलत होती.

"बोला काका," दादा माईकसमोरच म्हणाला, एकदम ताज्या आवाजात. "नाही नाही, बाथरूमला अँटिस्किडच घ्या. ग्लॉसी दिसते चांगली, पण पाय घसरला की मला शिव्या घालाल. हो. हो, नमस्कार सांगा काकूंना."

हेही रेकॉर्ड झालं. मिलिंद सर म्हणाले, "दिवसभरातली सगळ्यात मनापासूनची टेक हीच."

टेक म्हणजे एकदा सुरुवातीपासून गायलेलं गाणं. अशा पुष्कळ टेक घेतात आणि त्यातली चांगली निवडतात. शेवटी सरांनी तुकडे जोडून एक आवाज तयार केला. बँडला घरी नेऊन ऐकायला रफ मिक्स हवा होता. रफ मिक्स म्हणजे कच्ची जुळवण: गिटार किती, ड्रम किती, आवाज किती, एवढंच ठरवायचं. सर मला म्हणाले, "हा तू कर. बघू काय शिकलास ते."

आता इथं माझ्या मामाबद्दल सांगावं लागेल. मामा गायन पार्टीत गातो. जयंतीच्या दिवसांत त्यांचे कार्यक्रम असतात, भीमगीतं, बुद्धगीतं. लहानपणापासून मी त्यांच्यासोबत स्पीकरच्या वायरी ओढल्या. माझं साउंडचं जे काही शिक्षण आहे ते तिथलं. मामाचा एकच नियम: "ढोलकी कितीबी वाजू दे, बेंजो कितीबी वाजू दे. शब्द मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळला पायजे. नायतर गाता कशाला? घरी जा." मला वाटायचं हा सगळ्या जगाचाच नियम आहे. म्हणून मी अथर्वदादाचा आवाज पुढे आणला, त्याच्यातली खरखर काढली, गिटार दोन्ही बाजूंना सरकवल्या आणि मध्ये त्याच्यासाठी जागा केली. प्रत्येक अक्षर सुटं ऐकू यायला लागलं. मला फार समाधान वाटलं.

इमोमध्ये असं करत नाहीत, हे मला नंतर कळलं. तिथं आवाज गिटारमध्ये बुडवलेला असतो. का बुडवलेला असतो, हे त्याच संध्याकाळी कळलं.

सगळे सोफ्यावर बसले आणि मी रफ मिक्स लावला. तेवढ्यात मेघना मॅडम आल्या. त्या अथर्वदादाच्या मिसेस. वकील आहेत. कोर्टातून थेट आल्या होत्या, काळा कोट हातावर टाकलेला. दादाला घेऊन त्यांना कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. बंटीनं सरकून जागा दिली, "बसा वहिनी, बघा आपलं पोरगं कसं गायलंय."

गाणं होतं 'स्टँडवर'. हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा फक्त शेवट कळतो, 'तू आली नाहीस' असं पुन्हा पुन्हा ओरडलेलं. कडवी म्हणजे नुसता गोंगाट. माझ्या मिक्समध्ये मात्र पहिल्या ओळीपासून लख्ख ऐकू आलं:

घोटीची गाडी लागली, घोटीची गाडी सुटली
मी उभा होतो, माझ्या आत एक काच फुटली
तुझ्या खोट्या शब्दांची धूळ माझ्या अंगावर
तू हसत असशील कुठेतरी, मी इथे स्टँडवर

बंटी मान हलवत होता, तो हळूहळू थांबला. त्यालाही हे शब्द नवीन असावेत. तन्मय मोबाइलमध्ये बघू लागला. गाणं संपलं.

मेघना मॅडम म्हणाल्या, "परत लाव रे जरा."

मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. मी परत लावलं.

दुसऱ्यांदा संपल्यावर मॅडमनी कोट मांडीवर नीट घडी करून ठेवला. "अथर्व, हे गाणं कुणावर आहे म्हणालास तू मला?"

"अगं, ते… तसं ॲबस्ट्रॅक्ट आहे ते."

"नाही, तू सांगितलं होतंस. लग्नाआधी मी विचारलं होतं. तू म्हणालास, 'तू' म्हणजे आयुष्य."

"हो, म्हणजे, आयुष्यच."

"आयुष्य घोटीच्या गाडीनं जाणार होतं?"

बंटीच्या तोंडून हसू फुटलं. त्यानं खोकल्याचं नाटक केलं, ते कुणाला पटलं नाही.

"माझं माहेर घोटीचं," मॅडम मिलिंद सरांना म्हणाल्या, जणू सर जज आहेत. "आम्ही दोघं कॉलेजात होतो. माझ्या वडिलांना भेटायला याला घेऊन जायचं ठरलं होतं. सकाळी स्टँडवर. मी उभी राहिले. घोटीची गाडी लागली, सुटली. दुसरी लागली, सुटली. याचा फोन बंद. वडिलांनी तिकडं मटण आणून ठेवलेलं. मी एकटी गेले आणि सांगितलं, त्याला ताप आलाय."

"मी आलो होतो!" अथर्वदादा म्हणाला.

"कधी?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी मी कशी असेन स्टँडवर?"

"तेच ना. मी आलो आणि तू नव्हतीस. मला खरंच खूप वाईट वाटलं होतं मेघू. त्याच रात्री लिहिलंय ते."

"आणि सकाळी कुठं होतास?"

यावर दादानं तन्मयकडे बघितलं. तन्मय म्हणाला, "त्या दिवशी माझा नवीन ॲम्प आला होता." ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा. तो त्यांनी सकाळी उघडला होता.

मी हे सगळं लिहितोय, पण त्या वेळी मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. नवरा-बायकोमधलं बोलणं परक्यानं ऐकू नये. पण दाराजवळ बंटी बसला होता आणि तो हलायला तयार नव्हता.

मॅडम मोठ्यानं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं आपण कुठं चाललो होतो ते. हे गाणं आलं, आणि लोकांनी मला काय काय म्हणून घेतलं. मला वाटलं, शेवटच्या ओळीवरून गैरसमज करून घेतात. कडव्यांमध्ये काय आहे ते कुणाला तरी कळायचं का? मलाही नाही कळलं. आणि आता तुम्ही चांगल्या माईकवर, अक्षर अन् अक्षर ऐकू येईल असं करून परत काढताय. माझे वडील मोबाइलवर गाणी ऐकतात, अथर्व. जावयाचं गाणं म्हणून पहिलं तेच ऐकतील. त्यांना आजही वाटतं तुला ताप आला होता."

 मग तन्मय माझ्याकडे वळला. "आवाज एवढा वर घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं, भाऊ?"

मी म्हणालो, "शब्द कळायला हवेत असं वाटलं."

"कशाला?"

मी रफ मिक्सची फाइल बंद केली.

पुढच्या आठवड्यात बँड पुन्हा आला, आणि माझ्या छोट्याशा कारकिर्दीतलं सगळ्यात विचित्र काम सुरू झालं. महागडा माईक लावून जो आवाज स्वच्छ घेतला होता, तो घाण करायचा. तन्मयची सूचना होती, "थोडा चिखल कर." मी गिटार वर घेतल्या. शब्द कळत होते. आवाजावर रिव्हर्ब टाकला, म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात घुमतो तसा. तरी 'घोटीची गाडी' कळत होती. डिस्टॉर्शन टाकलं, म्हणजे आवाज फाटल्यासारखा होतो. आता बाकी सगळं गेलं आणि फक्त 'घोटी' तेवढं स्पष्ट उरलं.

मिलिंद सर म्हणाले, "तुम्ही गाद्या घेऊन परत त्या फ्लॅटमध्ये का जात नाही?"

"सर, तिथं आता डेंटल क्लिनिक आहे," बंटी म्हणाला.

"मग तिथंच दुखतं का बघा."

मेघना मॅडमना हे कळलंच. त्या स्वतः आल्या, या वेळी सोबत डबा घेऊन, शांतपणे. म्हणाल्या, "लपवू नका. एक तर हे गाणं ईपीतून काढून टाका नाहीतर खरं करा. शब्द तेच राहू देत, चाल तीच राहू दे. कोण उभं होतं आणि कोण आलं नाही, एवढं बदला."

तन्मयला हे अजिबात पटलं नाही. "वहिनी, असं नसतं. इमोमध्ये ज्याच्यावर अन्याय झाला तो गातो. ज्यानं केला तो कसा गाणार? फॅन्स कुणाच्या बाजूनं रडतील?"

"मग मी गाते."

"नको!" तिघंही एकदम म्हणाले. त्या बँडमध्ये मी ऐकलेली ही पहिली एकत्र सुरुवात. एरवी क्लिक लावूनही जमत नाही. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारं टिकटिक, सगळ्यांनी एका तालात राहावं म्हणून.

अथर्वदादा मात्र उठला. म्हणाला, "एकदा गाऊन बघतो. फक्त बघतो."

तो आत गेला. मी माईक सरळ केला आणि बाहेर आलो. मेघना मॅडम काचेच्या अलीकडे, माझ्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. लाइट मंद करायचे मी विसरलो, आणि कुणी सांगितलंही नाही. दादाला समोर त्या दिसत होत्या.

त्यानं सुरुवात केली. 'घोटीची गाडी लागली, घोटीची गाडी सुटली, तू उभी होतीस…' इथं तो थांबला. गाडी पुढे गेली, म्हणजे गाणं पुढे गेलं. सरांनी थांबवलं नाही. दुसऱ्या कडव्यात तो परत आला. ओरडायच्या जागी ओरडला नाही. 'मी आलो नाही' हे त्यानं साध्या बोलण्याच्या आवाजात म्हटलं, मग पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा सूर खाली घसरला. मी इतक्या दिवसांत त्या माणसाच्या आवाजात जे ऐकलं नव्हतं, ते तिथं होतं. मला मत द्यायचं नाही असं ठरलं आहे, म्हणून एवढंच सांगतो. मामाच्या पार्टीत एखादी ओळ लागली की म्हातारी माणसं मान खाली घालतात, तशी मी घातली.

मॅडम मोबाइल बघत होत्या. स्क्रीन बंद होता.

दादा बाहेर आला. मॅडम म्हणाल्या, "शेवटी सूर पडला का जरा?"

"पडला," मिलिंद सर म्हणाले. "राहू दे तसाच."

"जेवून घे," मॅडम दादाला म्हणाल्या आणि डबा उघडला. त्यात मेथीची भाजी होती. दादानं उभ्यानंच खाल्ली.

मला वाटलं झालं, गाणं मिळालं. सरांनाही वाटलं. पण बँडची मीटिंग बसली. कॅनडावाला व्हिडिओ कॉलवर आला, त्याच्याकडे सकाळ होती. त्याला ती टेक ऐकवली. त्याचं चित्र हलेना. नेट गेलंय असं आम्हाला वाटलं. मग म्हणाला, "भावांनो, हे इमो नाही. हे सॉरी आहे."

"एक्झॅक्टली," तन्मय म्हणाला. "हे ऐकून लोक म्हणतील, चूक याचीच होती."

"चूक याचीच होती," बंटी म्हणाला.

"ते आपल्याला माहितीय," तन्मय म्हणाला. "फॅन्सना कशाला? माझ्या जिमच्या पोरांनी—"

"जिम माझी आहे."

"तुझ्या जिमच्या पोरांनी दंडावर 'तू आली नाहीस' गोंदवून घेतलंय. आता त्यांनी काय करायचं? खाली 'दुरुस्ती' म्हणून गोंदवायचं?"

बंटी विचारात पडला. त्या पोरांची फी चालू होती.

अथर्वदादा त्या मीटिंगमध्ये फारसं बोलला नाही. एवढंच म्हणाला, "मेघूला मी शब्द दिलाय, जुने बोल येणार नाहीत." तन्मय म्हणाला, "आणि फॅन्सना आपण शब्द दिलाय, जुनी गाणी येतील." दोन्हीकडे शब्दच अडकले होते. पुढे काय ठरलं ते मला कळलं नाही, कारण माझी प्रॅक्टिकल्स सुरू झाली आणि मी सुट्टी घेतली. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये उभा असताना माझ्या डोक्यात सारखं तेच असायचं. कुठली टेक जाईल? घोटीला त्या सासऱ्यांच्या मोबाइलवर काय वाजेल? घरी आईला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "त्या बाईचं नाव साफ झालं पायजे. गाण्याचं काय, दुसरं लिहितील." मामाला सांगितलं तर त्याचा प्रश्नच वेगळा: "पण शब्द मागपर्यंत ऐकू आले ना?" मी म्हणालो, आले. "मग तुझं काम चोख झालं. बाकी गाणारा जाणे."

मी या कामातून शिकलो ते एवढंच: कुणाचाही आवाज पुढे आणण्याआधी विचारावं, हे शब्द तुमच्या घरच्यांनी ऐकलेत का. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मिलिंद सरांचा मेसेज आला. ईपी आला होता, सोबत लिंक. मी कॉलेजच्या पार्किंगमध्येच उभा राहून ऐकला. पहिली तीन गाणी ठीक होती, पोटभर जेवलेली. चौथं 'स्टँडवर'. गिटार सुरू झाली, ड्रम आले, कॅनडाहून बास आला. आवाज येईल म्हणून मी थांबलो. कडवं गेलं, दुसरं गेलं, शेवट आला आणि संपलंही. आवाज नव्हताच. ना जुने शब्द, ना नवे. त्यांनी गाण्यातून गायकच काढून टाकला होता. खाली बँडनं लिहिलं होतं: 'काही दुःखं शब्दांपलीकडची असतात.'

मी सरांना फोन केला. "सर, ती टेक?"

"डिस्कवर आहे. तन्मय म्हणाला डिलीट करा. मी म्हटलं, करतो." सर थांबले. "बघू कधी वेळ मिळतो ते."

"आणि मॅडम काय म्हणाल्या?"

"त्यांचं काय, दिलेला शब्द नवऱ्यानं पाळला म्हणाल्या. अक्षरशः. खालच्या कमेंट वाच, मग कळेल."

मी वाचल्या. तुटलेल्या हृदयांची रांग होती. सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कमेंट एका पोराची होती, दंड दाखवणारा फोटो लावलेला: 'भाई, ती जाताना शब्दसुद्धा घेऊन गेली.'

त्याच्या खाली मेघना मॅडमनी स्वतःच्या पूर्ण नावानं, ॲडव्होकेट लावून, उत्तर दिलं होतं.

'हो, मीच नेले. घरी आहेत. येऊन ऐका. सकाळी या.'